कबुलीची किंमत

इंदूरच्या राजा रघुवंशी खून प्रकरणाने सबंध देशाचे लक्ष वेधून घेतले, यात नवल नाही. ११ मे २०२५ रोजी इंदूरमध्ये विवाह झालेला हा एकोणतीस वर्षांचा तरुण व्यावसायिक नवपरिणीत पत्नीसह मेघालयात सहलीस गेला. २३ मे रोजी सोहरा परिसरातून दोघेही बेपत्ता झाले. २ जून रोजी तरुणाचे शव एका खोल दरीत सापडले. आणि पुढे आठवडाभरात पत्नी उत्तर प्रदेशात गाझीपूर येथे पोलिसांच्या हाती आली. तिच्यासह आणखी चार तरुणांना खुनाच्या आरोपावरून अटक झाली. एवढा घटनाक्रम वृत्तपत्रे वाचणाऱ्या कोणासही ठाऊक आहे. किंबहुना त्याहून पुष्कळ अधिक ठाऊक आहे असा प्रत्येकाचा समज आहे, आणि आमच्या आजच्या विवेचनाचा विषय तो समज हाच आहे.

अटकेनंतर दोन-तीन दिवसांतच ‘आरोपींनी गुन्हा कबूल केला’ अशा ठळक मथळ्यांनी पाने भरली. दूरचित्रवाणीवर तर निकालच लागला. मात्र जूनच्या अखेरीस या आरोपींपैकी दोघांना कबुलीजबाब नोंदवण्यासाठी दंडाधिकाऱ्यांपुढे उभे केले, तेव्हा दोघांनीही मौन पाळणे पसंत केले. पोलिसांपुढे बोलले म्हणतात, ते न्यायासनापुढे बोलले नाहीत. त्यावर आपल्याकडील चहाच्या दुकानांत आणि रेल्वेच्या डब्यांत एकच प्रश्न ऐकू आला : कबूल करूनही आता हे सुटणार की काय? पोलिसांनी त्या वेळी सांगितले की आमची भिस्त कबुलीवर नाही, वस्तुरूप पुरावा पुरेसा आहे. आणि ५ सप्टेंबर २०२५ रोजी सुमारे ७९० पानांचे आरोपपत्र न्यायालयात दाखल झाले. आरोपी दोषी की निर्दोष हे ठरविणे न्यायालयाचे काम आहे. त्यात ढवळाढवळ करण्याचा आमचा हेतू नाही, म्हणून आरोपींची नावेही आम्ही येथे घेत नाही. पण लोकांच्या मनातला प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर कायद्यात स्पष्टपणे दिलेले आहे. ते सामान्य वाचकापर्यंत पोहोचत नाही, ही खेदाची गोष्ट होय.

प्रथम दोन शब्दांतील भेद ध्यानी घेतला पाहिजे. कायद्याच्या भाषेत ‘कबुली’ ही व्यापक गोष्ट आहे. वादातील एखाद्या मुद्द्याविषयी स्वतःच्या विरुद्ध जाईल असे कोणीही केलेले विधान, मग ते तोंडी असो वा लेखी, ही कबुली. भाटकाराने जुन्या पत्रात ‘आमच्या मुंडकाराचे घर’ असा उल्लेख केला असेल, कर्जदाराने ‘बाकी पुढच्या हंगामात देतो’ असे लिहिले असेल, तर दिवाणी दाव्यात ते विधान त्याच्यावर उलटते. कारण साधे आहे; स्वतःच्या नुकसानीचे खोटे कोणी सहसा बोलत नाही. याउलट स्वतःच्या फायद्याचे आपलेच विधान पुरावा म्हणून पुढे करता येत नाही, काही मोजके अपवाद सोडले तर. दिवाणी कबुलीसुद्धा अखेरचा शब्द नव्हे. ती चुकून दिली, गैरसमजाने दिली, हे दाखवण्यास मुभा असते. आणि ही बोलणी पुढे पुराव्यात आणावयाची नाहीत अशा अटीवर तडजोडीच्या बैठकीत जे बोलले जाते, ते न्यायालयात आणता येत नाही. नाहीतर भांडण मिटवायला कोण बसेल?

‘कबुलीजबाब’ हा या कबुलीचाच एक प्रकार, पण तो फौजदारी क्षेत्रातला आणि म्हणून फार जपून हाताळावयाचा. १९३९ साली पकाला नारायण स्वामी खटल्यात प्रिव्ही कौन्सिलच्या वतीने लॉर्ड ॲटकिन यांनी त्याची व्याख्या घालून दिली : ज्या विधानात गुन्हाच मान्य केलेला असतो, किंवा गुन्हा सिद्ध होण्यास लागणाऱ्या जवळजवळ सर्व गोष्टी मान्य केलेल्या असतात, तोच कबुलीजबाब. ‘मी त्या दिवशी तिथे होतो’ ही नुसती कबुली झाली. ‘मी त्याला मारले’ हा कबुलीजबाब झाला. पहिलीमुळे संशय बळावतो. दुसऱ्यामुळे माणूस फासावर जाऊ शकतो.

आता मूळ प्रश्न. १ जुलै २०२४ पासून १८७२ च्या पुराव्याच्या कायद्याची जागा भारतीय साक्ष्य अधिनियमाने घेतली. कलमांचे आकडे बदलले, परंतु या विषयातील तत्त्व बदलले नाही. नव्या कायद्याचे २३ वे कलम सांगते की पोलीस अधिकाऱ्यास दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध सिद्ध करता येणार नाही. एवढेच नव्हे, तर आरोपी पोलिसांच्या ताब्यात असताना त्याने अन्य कोणाहीपुढे, अगदी वार्ताहराच्या ध्वनिक्षेपकापुढे, दिलेली कबुलीसुद्धा दंडाधिकाऱ्याच्या प्रत्यक्ष उपस्थितीशिवाय ग्राह्य नाही. आरोपी आपण होऊन ठाण्यावर गेला आणि त्याने स्वतःच प्रथम खबर लिहून दिली, तरी त्यातला कबुलीचा भाग वगळावा लागतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६५ साली अघनू नागेसिया खटल्यात निःसंदिग्धपणे सांगितले. तेव्हा ‘कबूल करूनही सुटणार का’ या प्रश्नाचे उत्तर असे की, ज्याला लोक कबूल करणे म्हणतात ते न्यायालयाच्या दृष्टीने घडलेलेच नसते.

हा अविश्वास कोठून आला? पोलिसांविषयी कोणा वकिलाच्या मनात आकस होता म्हणून नव्हे. १८५५ साली मद्रास इलाख्यात छळाच्या चौकशीसाठी नेमलेल्या आयोगाने महसूल आणि पोलीस खात्यांतील मारहाणीचे जे चित्र उघड केले, ते पाहून कंपनी सरकारचे समर्थकही खजील झाले. त्यानंतर १८६१ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत पोलिसांपुढील कबुलीवर बंदी आली आणि जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांनी ती १८७२ च्या कायद्यात कायम केली. याच स्टीफनसाहेबांनी पुढे आपल्या ग्रंथात हिंदुस्थानातील एका अनुभवी मुलकी अधिकाऱ्याचे मत नमूद करून ठेवले आहे. त्याचा आशय असा की, उन्हातान्हात पुरावा शोधत हिंडण्यापेक्षा सावलीत बसून एखाद्या गरिबाच्या डोळ्यांत मिरचीपूड चोळणे तपास करणाऱ्याला सोयीचे वाटते. या एका निरीक्षणात बंदीचे सारे कारण आले. मारून मिळवलेली कबुली निरपराधाला अडकवते, हा तिचा एक दोष. तपास करणाऱ्याला ती आळशी बनवते आणि त्यामुळे खरा अपराधीही निसटतो, हा दुसरा आणि तितकाच घातक दोष.

गोमंतकीयांना तर हे कोणा इंग्रज ग्रंथकाराने सांगावयास नको. १५६० साली गोव्यात स्थापन झालेले आणि मधला अल्प खंड वगळता १८१२ पर्यंत चाललेले इन्क्विझिशन हे कबुलीवरच उभे होते. त्या तुरुंगातून सुटून गेलेल्या देलाँ या फ्रेंच वैद्याने लिहून ठेवले आहे की, कैद्याला त्याच्यावरचा आरोप सांगत नसत, आरोप करणाऱ्याचे नाव सांगत नसत. अपराध काय तो त्यानेच आठवून सांगावा, अशी अपेक्षा असे. छळाच्या भयाने माणूस न केलेले पाप कबूल करतो आणि शेजाऱ्याचेही नाव घेतो. आपल्या पूर्वजांनी हे भोगले आहे. कबुली हाच जेथे पुरावा, तेथे न्याय नसतो, हा धडा या भूमीने दोन शतकांहून अधिक काळ गिरवला.

मग कायद्याने पोलिसांचे हात बांधूनच ठेवले आहेत काय? तसेही नाही. बंदीच्या भिंतीला एक अरुंद खिडकी ठेवली आहे. जुन्या कायद्यात ते सुप्रसिद्ध २७ वे कलम होते, नव्यात ते २३ व्या कलमाचे परंतुक झाले आहे. ताब्यातील आरोपीने दिलेल्या माहितीवरून एखादी गोष्ट प्रत्यक्ष शोधून काढली गेली, तर त्या शोधाशी थेट संबंध असलेला तेवढाच भाग सिद्ध करता येतो. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर प्रिव्ही कौन्सिलने पुलुकुरी कोट्टय्या खटल्यात या खिडकीची चौकट आखून दिली. ‘कोयता मी विहिरीमागे लपवला आहे, काढून देतो’ हे ग्राह्य. त्याला जोडून आलेले ‘त्याच कोयत्याने मी अमक्याला मारले’ हे अग्राह्य. कोयता सापडला, याने आरोपीला ती जागा ठाऊक होती एवढे दिसते. खून त्यानेच केला हे रक्ताच्या चाचणीने, साक्षीदाराने, परिस्थितीने निराळे सिद्ध करावे लागते. इंदूर प्रकरणात मेघालयाचे पथक दरीपाशी आरोपींना घेऊन गेले, पुढे इंदूरपर्यंत येऊन वस्तूंचा शोध घेत राहिले, त्यामागे हेच शास्त्र आहे. त्या प्रत्येक वस्तूचा पंचनामा चोख झाला की नाही, यावर खटल्याचे भवितव्य अवलंबून राहील; मथळ्यांवर नव्हे.

आणि आपल्याकडे नेमके येथेच पाणी मुरते. ठाण्यात नेहमी बसलेलाच इसम दर प्रकरणात पंच म्हणून सही करतो. पंचनामा जागेवर न लिहिता चौकीत लिहिला जातो. मुद्देमालाची मोहोर केव्हा लागली, प्रयोगशाळेत तो किती दिवसांनी गेला, याचा हिशेब जुळत नाही. वर्षांनी साक्षीची वेळ येते तेव्हा पंच फितूर होतो. मग न्यायाधीश संशयाचा फायदा देतात आणि आपण न्यायाधीशांना दोष देतो.

दुसरा मार्ग दंडाधिकाऱ्यापुढील कबुलीजबाबाचा. पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे १६४ वे कलम आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे १८३ वे झाले आहे. दंडाधिकाऱ्याने आरोपीस आधी बजावून सांगावे लागते की, तू कबुली देण्यास बांधलेला नाहीस आणि दिलीस तर ती तुझ्याविरुद्ध वापरली जाईल. ती स्वखुशीची आहे अशी त्याची खात्री पटली पाहिजे. विचार करण्यास आरोपीला निदान चोवीस तासांचा अवधी द्यावा, असे सर्वोच्च न्यायालयाने १९५७ साली सरवन सिंग खटल्यात सुचविले. आणि सर्वांत महत्त्वाची तरतूद ही की, आरोपीने कबुली देण्यास नकार दिला तर दंडाधिकाऱ्याने त्याला पुन्हा पोलीस कोठडीत धाडावयाचे नाही. नकाराचे प्रायश्चित्त त्याला कोठडीत भोगावे लागू नये, हा त्यामागील हेतू. त्या दोघांचे मौन म्हणजे कायद्याची पळवाट नव्हे. कोणाही आरोपीस स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती करता येणार नाही, या संविधानाच्या अनुच्छेद २०(३) मधील हक्काचा तो वापर होय. तो हक्क दोषी माणसालाही आहे, कारण तो फक्त निर्दोषांना देण्याची सोय खटल्याआधी कोणापाशीच नसते.

सहआरोपीच्या कबुलीचे काय? एकाने स्वतःसह दुसऱ्याला गुंतवले, तर ती दुसऱ्याविरुद्ध कितपत चालते? याचे उत्तर ज्या खटल्यात मिळाले तो आपल्या गोंदियाचा, तेव्हाच्या मध्य प्रदेश राज्यातला. पाच वर्षांच्या एका बालकाच्या निर्घृण हत्येबद्दल कश्मीरा सिंग याला फाशी झाली होती आणि त्याला गोवणारा मुख्य आधार होता सहआरोपीचा कबुलीजबाब. १९५२ साली सर्वोच्च न्यायालयात, नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश राहिलेले न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी पद्धत घालून दिली : प्रथम ती कबुली बाजूस ठेवा आणि उरलेला पुरावा तपासा. तोच शिक्षेला पुरेसा असेल तरच कबुलीचा उपयोग मनाची खात्री दृढ करण्यासाठी करा. या कसोटीवर खुनाची शिक्षा टिकली नाही. पुरावा नाहीसा केल्याबद्दल सात वर्षांची सजा झाली. बालकाच्या मृत्यूने सारा गाव हळहळत असतानाही न्यायालयाने तराजू हलू दिला नाही.

येथे कोणी विचारील की, हे सारे आरोपींच्या कल्याणासाठीच झाले, मृतांच्या आप्तांनी कोणाकडे पाहावे? या प्रश्नात वेदना आहे आणि तिला उत्तर दिले पाहिजे. गोव्यातलेच उदाहरण घ्या. २००९ साली शिरोड्याच्या महानंद नाईक याला अटक झाली आणि लग्नाचे आमिष दाखवून सोळा महिलांचे खून केल्याचे त्याने पोलिसांपुढे कबूल केल्याचे जाहीर झाले. सबंध गोवा हादरला. पण न्यायालयात शिक्षा झाली ती मोजक्याच खटल्यांत. बहुतेक खटले पुराव्याअभावी कोसळले. ज्या मुलींच्या बेपत्ता होण्याचा वेळीच तपास झाला नाही, ज्यांच्या अस्थींची, दागिन्यांची, साक्षीदारांची साखळी वर्षे लोटल्यावर जुळेना, त्यांच्या आईबापांना त्या कबुलीने काय दिले? मथळ्यापलीकडे काहीच नाही. कायद्याने कबुली नाकारली म्हणून ते वंचित राहिले नाहीत. प्रत्येक मुलीच्या घरातून तक्रार आली त्या वेळी तपास झाला नाही म्हणून राहिले.

याच्या उलट टोकाला, कबुली ग्राह्य धरण्याचा प्रयोगही आपण करून पाहिला आहे. टाडा, पोटा आणि महाराष्ट्राचा १९९९ चा मोक्का या कायद्यांनी पोलीस अधीक्षक किंवा त्यावरील दर्जाच्या अधिकाऱ्यापुढील कबुलीजबाब पुरावा मानला. टाडा १९९५ मध्ये संपला, पोटा २००४ मध्ये रद्द झाला, मोक्का राहिला. ११ जुलै २००६ रोजी मुंबईच्या उपनगरी गाड्यांत सात स्फोट होऊन १८० हून अधिक निरपराध प्रवासी मरण पावले. विशेष न्यायालयाने २०१५ मध्ये बारा जणांना दोषी ठरवून पाच जणांना फाशी सुनावली. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने त्या सर्वांना निर्दोष ठरवले आणि कबुलीजबाब विश्वासार्ह नसल्याचे, ते छळाने मिळवल्याच्या तक्रारीत तथ्य दिसत असल्याचे नमूद केले. राज्य शासनाने सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली आणि त्या न्यायालयाने हा निकाल अन्य खटल्यांत दाखला म्हणून वापरू नये असा आदेश दिला. अंतिम शब्द त्या न्यायालयाचा राहील. पण स्फोटानंतर एकोणीस वर्षांनीही, लोकलच्या दारात उभ्या राहिलेल्या त्या चाकरमान्यांना कोणी मारले हे निर्विवादपणे सांगता येऊ नये, याहून मोठी मानहानी ती कोणती? कबुली सोपी केल्याने न्याय सोपा झाला नाही, हे त्यावरून उघड आहे.

पोलीस खात्यातील सारेच अधिकारी निर्दय असतात असे आम्ही मुळीच म्हणत नाही. अपुरे मनुष्यबळ, सणासुदीचा आणि मंत्र्यांचा बंदोबस्त, वरून ‘चोवीस तासांत छडा लावा’ असा दट्ट्या, यांत पिचलेल्या फौजदाराला कबुली हा जवळचा रस्ता वाटतो. तो त्याच्यासाठी लांबचा रस्ता ठरतो, हे त्याला पटवले पाहिजे. नव्या संहितेने झडती आणि जप्तीचे दृक्-श्राव्य चित्रण सांगितले आहे. सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत घटनास्थळी न्यायवैद्यक तज्ज्ञ पाठवण्याचीही तरतूद केली आहे. सर्व पोलीस ठाण्यांत कॅमेरे बसवा, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये परमवीर सिंग सैनी प्रकरणात आदेशिले. या तरतुदी कागदावरून ठाण्यात उतरल्या, प्रयोगशाळांतील अहवाल महिनोन्महिने अडकून पडले नाहीत, तर कबुलीची गरजच उरणार नाही. शासनाने भाषणांऐवजी या कामाला पैसा द्यावा.

जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी इंदूर आणि मुंबई ही दोन शहरे अशाच एका खुनाने जोडली गेली होती. १२ जानेवारी १९२५ रोजी मलबार हिलवर अब्दुल कादर बावला या व्यापाऱ्याचा खून झाला, आरोपी इंदूर दरबाराशी संबंधित निघाले आणि पुढील वर्षी महाराजा तुकोजीराव होळकरांना गादी सोडावी लागली. एका संस्थानाची सत्ता मागे असूनही तो खटला उभा राहिला, कारण योगायोगाने तेथून जाणाऱ्या लष्करी अधिकाऱ्यांनी प्रसंग डोळ्यांनी पाहिला आणि हल्लेखोरांपैकी एकाला जागीच पकडले. उघड्या डोळ्यांचा साक्षीदार आणि जागेवरचा पुरावा यांच्यापुढे राजसत्ताही टिकत नाही. कोठडीतल्या कबुलीपुढे मात्र एखादा नवखा वकीलही टिकतो.

शेवटी आमच्या स्वतःच्या व्यवसायाविषयी दोन शब्द. ‘आरोपीची कबुली’ हा मथळा आम्ही वृत्तपत्रवालेच छापतो. त्याने वाचकाचे मन आधीच निकाल देऊन बसते. मग न्यायालयाने पुरावा मागितला की त्याला न्यायालयच गुन्हेगाराचे पाठीराखे वाटू लागते. यापुढे अशा बातमीत ‘पोलिसांच्या म्हणण्यानुसार’ एवढे लिहून न थांबता, अशी कबुली न्यायालयात चालत नाही हे एक वाक्यही आम्ही जोडले पाहिजे. वाचकांनीही तो मथळा वाचताना स्वतःस एक प्रश्न विचारावा : उद्या माझ्या मुलाला ठाण्यात नेले आणि तासाभराने त्याने कबूल केल्याचे सांगितले, तर मी ते पुरावा मानीन काय? ज्याचे उत्तर ‘नाही’ असेल, त्याने शेजाऱ्याच्या मुलालाही तोच न्याय लावावा.

इंदूरच्या त्या कुटुंबाला न्याय मिळावा अशी आमची मनःपूर्वक इच्छा आहे. म्हणूनच तो न्याय कबुलीवर नव्हे, पुराव्यावर उभा राहावा असे आम्हांस वाटते. कारण वरिष्ठ न्यायालयापर्यंत टिकतो तो तेवढाच.